आधी नक्कल, मग दुरुस्ती

एक्स्टर्नल हार्ड डिस्क लॅपटॉपला जोडली, दिवा लागला, आणि दहा वर्षांच्या फोटोंचं फोल्डर उघडण्याऐवजी पडद्यावर एक चौकट आली: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? अशा वेळी एवढं लक्षात घ्यावं की विंडोजला तुमच्या फोटोंबद्दल काहीही माहीत नसतं. कोणती फाइल कुठे आहे याची डिस्कवरची नोंद तिला वाचता आली नाही, म्हणून नवी कोरी नोंद घालून देऊ का, एवढंच ती विचारते आहे. फोटो बहुतेक वेळा अजून जागच्या जागी असतात. ‘कॅन्सल’ दाबायचं, डिस्क काढून ठेवायची आणि पुढे काय करायचं ते ठरेपर्यंत ती पुन्हा जोडायची नाही.

ओळखीपाळखीतल्या लोकांच्या बिघडलेल्या डिस्क माझ्याकडे येत असतात. लग्नाचे फोटो काढणारे, दिवाळी अंकाची पानं लावणारे, प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, नातवंडांचे व्हिडिओ जपणारे आजी-आजोबा. या सगळ्यांवरून माझं मत पक्कं झालं आहे की डेटा परत मिळणार की नाही हे जेवढं मूळ बिघाडावर अवलंबून असतं, तेवढंच बिघाड लक्षात आल्यानंतरच्या पहिल्या काही तासांवर असतं. पुन्हा पुन्हा जोडून बघणं, सापडेल ते रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवणं, स्क्रू काढून आत डोकावणं, यांत वाचण्याजोगा डेटा जातो. आजारी डिस्ककडे किती वाचनं शिल्लक आहेत हे बाहेरून कळत नाही. म्हणून जी काही वाचनं उरली असतील ती सगळी एकाच कामाला लावायची: तिची पूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायची. दुरुस्ती, शोधाशोध, प्रयोग, सगळं त्या नकलेवर.

आत काय चालतं ते थोडं समजलं की हा आग्रह का ते पटतं. खिशात मावणाऱ्या पोर्टेबल डिस्कच्या डबीत अडीच इंची हार्ड डिस्क असते. तिच्यातल्या तबकड्या काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या असतात आणि त्या साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेतात. प्रत्येक पृष्ठभागावर एक वाचणारं-लिहिणारं हेड असतं. ते तबकडीला टेकत नाही, तिच्यासोबत फिरणाऱ्या हवेच्या थरावर तरंगतं, आणि दोघांमधलं अंतर अवघ्या काही नॅनोमीटरचं असतं. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे धुराचा कणही त्या फटीत मावणार नाही. काम थांबलं की हेड तबकडीवरून उचललं जाऊन कडेच्या उतरत्या पट्टीवर, रॅम्पवर, जाऊन बसतं. वीज अचानक गेली तरी फिरत्या तबकड्यांच्या वेगातून थोडी वीज तयार होते आणि तेवढ्यावर हेड रॅम्पवर परत नेलं जातं. इतकी काळजी घेऊन बनवलेली ही वस्तू चालू असताना टेबलावरून पडली, की हेड तबकडीवर आपटतं. बंद डिस्क पडण्यात आणि फिरती डिस्क पडण्यात म्हणूनच फार मोठा फरक आहे.

तपासणी बाहेरून आत करत जायची. सगळ्यात बाहेर केबल. बहुतेक पोर्टेबल डिस्कना जे रुंद, चपटं, मध्ये खाच असलेलं सॉकेट असतं, ते फार नाजूक असतं. केबल जरा वाकडी ओढली गेली की त्याचे टाके सुटतात. दिवा लागतो-विझतो, डिस्क जोडल्याचा आणि तुटल्याचा आवाज आलटून पालटून येतो. हे एकदा दिसलं की पुरे, केबल हलवत बसू नये. दर वेळी वीज तुटते तेव्हा डिस्क थांबते, पुन्हा फिरायला लागते, आणि अशा तुटक विजेतच चांगल्या डिस्कच्या नोंदी बिघडतात. त्याच मापाची दुसरी, आखूड केबल घ्यायची. हब आणि लांबवलेल्या वायरी बाजूला ठेवायच्या. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूचं पोर्ट वापरायचं, कारण ते थेट मदरबोर्डवर असतं. यूएसबी २.० च्या पोर्टमधून नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर मिळतात, ३.० मधून ९००, आणि डिस्क सर्वांत जास्त वीज ओढते ती तबकड्या फिरायला सुरुवात होताना. जुन्या लॅपटॉपवर ‘डिटेक्ट होत नाही’ म्हणून मोडीत काढलेली डिस्क दुसऱ्या मशीनवर निमूट चालू होते, यामागचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

टेबलावर ठेवायच्या मोठ्या, साडेतीन इंची डिस्कला स्वतंत्र अडॅप्टर लागतो, १२ व्होल्टचा. घरात लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर पडलेला असतो, त्याची पिन कधी कधी बरोबर बसते, आणि एका क्षणात डिस्क गप्प होते. असं झालं असेल तर धीर सोडू नये. डिस्कच्या सर्किट बोर्डवर टीव्हीएस डायोड नावाचा एक छोटा भाग याच कामासाठी असतो. जास्त व्होल्टेज आलं की तो स्वतः शॉर्ट होतो आणि मागच्या चिप वाचवतो. जाणता तंत्रज्ञ तो डायोड तपासून, काढून, योग्य अडॅप्टरवर डिस्क चालू करू शकतो. तबकड्यांना काही झालेलं नसतं.

पूर्ण बोर्ड जळला असेल तर तसाच बोर्ड दुसऱ्या डिस्कवरून काढून बसवायचा, असा सल्ला मिळतो. पूर्वी तो चालायचा. आजच्या डिस्कमध्ये प्रत्येक बोर्डवरच्या रॉम चिपमध्ये त्या एकाच डिस्कच्या हेडची, तबकड्यांची जुळवणी साठवलेली असते. हुबेहूब दिसणारा बोर्डसुद्धा मूळ रॉम त्यावर हलवल्याशिवाय चालत नाही. म्हणून जळका बोर्ड कधीही टाकून देऊ नये.

केबल आणि वीज ठीक असेल तर पुढची तपासणी कानाने करायची. डिस्क टेबलावर सपाट ठेवायची, खोलीतला पंखा बंद करायचा आणि एकदाच जोडायची. निरोगी डिस्कचा आवाज हलका घूं करत वर चढतो, एक बारीक टक् होतं, हेड रॅम्पवरून आत जातं, आणि मग ती जवळजवळ ऐकूच येत नाही. काहीच आवाज नाही, कंपन नाही, तर दोष विजेचा किंवा बोर्डचा. घूं होऊन मग एका लयीत टक्, टक्, टक्, आणि थोड्या वेळाने सगळं थांबलं, तर हेडला तबकडीवरच्या आपल्या खुणा सापडत नाहीयेत. ते आत जातं, काही वाचता येत नाही म्हणून मागे येतं, पुन्हा जातं. हेड खराब झालेलं असण्याची शक्यता इथे सर्वांत जास्त. बारीक, पक्ष्यासारखी चिवचिव किंवा बीप ऐकू आली तर आत मोटर फिरायचा प्रयत्न करते आहे आणि फिरू शकत नाही. डिस्कमध्ये स्पीकर नसतो, तो आवाज मोटरच्याच गुंडाळ्यांचा असतो. बहुतेक वेळा हेड रॅम्पवर न जाता तबकडीवर चिकटून बसलेलं असतं. कधी कधी मात्र पोर्टमधून वीज कमी मिळत असल्यामुळेही असा आवाज येतो, म्हणून वीज आधी तपासायची. आणि खरखर, घासल्यासारखा आवाज आला तर त्याच क्षणी वायर काढायची. इजेक्ट करत बसायचं नाही. त्या आवाजाच्या प्रत्येक सेकंदाला तबकडीवरचा चुंबकीय थर खरवडला जात असतो आणि त्या थरातच सगळा डेटा आहे.

टकटक, चिवचिव, खरखर यांपैकी काहीही असेल तर घरचे उपाय तिथे संपले. सॉफ्टवेअरने हेड दुरुस्त होत नाही. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायची युक्ती अजून लोक एकमेकांना सांगतात. बाहेर काढल्यावर थंड तबकड्यांवर दव धरतं आणि त्या दवात हेड चालवणं म्हणजे उरलेली आशा घालवणं. डिस्क हलकेच आपटणं, वळवून झटका देणं हेही त्यातलंच.

आवाज चांगला आहे, पण डिस्क उघडत नाही, असं असेल तर आता पडद्याकडे वळायचं. विंडोजमध्ये ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडायचं आणि बघायचं, बदलायचं काहीच नाही. डिस्क तिथे दिसते का? आकार बरोबर दिसतो का? १ टीबीची डिस्क तिथे ९३१ जीबी दिसते, ते बरोबर आहे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. पण आकार शून्य किंवा भलताच दिसत असेल तर डिस्कचं स्वतःचं अंतर्गत सॉफ्टवेअर, फर्मवेअर, नीट सुरू झालेलं नाही आणि ते काम प्रयोगशाळेचं आहे. आकार बरोबर आणि विभागही दिसतो, फक्त ड्राइव्हचं अक्षर नाही? मग अक्षर देऊन काम भागतं, सगळ्यांत सुखाचा प्रकार हा. ‘रॉ’ असं लिहिलेलं असेल तर नोंदी बिघडल्या आहेत. ‘इनिशियलाइझ करा’ अशी सूचना आली तर तिलाही नकार द्यायचा. एक प्रकार मात्र अगदी निरुपद्रवी असतो: डिस्क लिनक्सवर किंवा मॅकवर फॉरमॅट केलेली असते, विंडोजला ती वाचताच येत नाही आणि घरात सगळे डोक्याला हात लावून बसलेले असतात. काही स्मार्ट टीव्हीही कार्यक्रम रेकॉर्ड करण्याआधी डिस्क फॉरमॅट करायला सांगतात आणि कोणीतरी रिमोटवरून ‘ओके’ दाबलेलं असतं. म्हणून आधी घरात विचारावं, ही डिस्क शेवटची कुठे जोडली होती?

डिस्क दिसते आहे, पण फार हळू चालते, फोल्डरवर क्लिक केलं की सगळा संगणक अडकतो, हा प्रकार मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण माणूस इथे फसतो. डिस्क चालू आहे असंच वाटत राहतं. कोल्हापूरच्या एका फोटोग्राफर मित्राचा असाच फोन आला होता.

“अरे, डिस्क दिसतीय, पण फोल्डर उघडाय गेलं की लॅपटॉपच अडकतोय.”

“कधीपासून जोडून ठेवलीयस?”

“सकाळपासून. चेकडिस्क लावलंय, अकरा टक्क्यांवर थांबलंय ते.”

“पहिलं ते रद्द कर. आणि डिस्क काढून ठेव, मी सांगेपर्यंत जोडू नकोस.”

चेकडिस्क ही विंडोजची सोय चांगल्या डिस्कवरच्या किरकोळ चुका सुधारण्यासाठी आहे. तिला तुमच्या फायलींपेक्षा नोंदींच्या सुसंगतपणाची काळजी असते. जी नोंद जुळत नाही ती कापून टाकते, ज्या तुकड्यांचा मालक सापडत नाही ते ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये भलत्याच नावांनी टाकते. आणि हे सगळं ती मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर लिहून करते. त्यातून ‘बॅड सेक्टर’ शोधायचा पर्याय दिला असेल तर ती कमकुवत जागांवर पुन्हा पुन्हा हेड नेत राहते. १ टीबीच्या डिस्कवर ५१२ बाइटचे सुमारे १९५ कोटी सेक्टर असतात. त्यातले काही शे सेक्टर कमकुवत झाले तर डिस्क त्यातल्या प्रत्येकावर कित्येकदा प्रयत्न करते, संगणक वाट बघत अडकतो, आणि तेवढ्या वेळात हेड थकत जातं.

डिस्कची तब्येत न ताणता बघायची तर ‘स्मार्ट’ नोंदी वाचाव्यात. डिस्क स्वतःच आपल्या चुकांची मोजदाद ठेवत असते आणि ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारखा मोफत प्रोग्रॅम ती दाखवतो. त्यातल्या तीन ओळी महत्त्वाच्या: बदली दिलेले सेक्टर, निकाल न लागलेले म्हणजे ‘पेंडिंग’ सेक्टर, आणि दुरुस्त न झालेले सेक्टर. यात शून्याऐवजी आकडा असेल आणि तो वाढत असेल तर डिस्कवर भरवसा ठेवू नये. ‘सीआरसी एरर’ची ओळ वाढत असेल तर मात्र दोष बहुधा जोडणीचा. पण सगळं हिरवं दिसतंय म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पहिली स्कॅन एरर आलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता बिनचूक डिस्कच्या ३९ पट होती. आणि त्याच अभ्यासात, बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी सर्वांत ठळक चार स्मार्ट खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. लाल दिसलं तर धावायचं हे खरं, पण हिरवं दिसलं म्हणून थांबायला हरकत नाही असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

आता नकलेकडे वळू. साध्या ‘कॉपी-पेस्ट’ने हे काम होत नाही. तो पहिल्याच खराब सेक्टरवर अडकतो, आणि फाइलमागून फाइल घेताना हेडला डिस्कभर नाचवतो. यासाठी ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा मोफत, मुक्तस्रोत प्रोग्रॅम आहे, अंतोनियो दियाझ दियाझ यांनी लिहिलेला. तो लिनक्सवर चालतो, पण त्यासाठी घरचा संगणक बदलायला नको. ‘सिस्टमरेस्क्यू’सारखी लिनक्स पेन ड्राइव्हवर घालून तिच्यावरून संगणक चालू करायचा. अशा लिनक्सचा आणखी एक फायदा म्हणजे ती जोडलेली डिस्क आपणहून उघडायला जात नाही. विंडोज मात्र डिस्क दिसली की लगेच चित्रांचे छोटे नमुने बनवायला, शोधसूची करायला, कधी रिसायकल बिन तयार करायला लागते.

डीडीरेस्क्यूची हुशारी त्याच्या क्रमात आहे. तो डिस्कच्या सुरुवातीपासून निघतो, मोठमोठे घास घेत जातो, आणि कुठे अडलं की हट्ट न करता ती जागा टिपून पुढे उडी मारतो. पहिल्या फेरीत चांगला सगळा भाग सुरक्षित होतो. मग तो टिपलेल्या जागांकडे परत येतो, त्यांच्या कडा कुरतडतो, उलट दिशेने येऊन बघतो आणि सर्वांत शेवटी एकेका सेक्टरला हात घालतो. प्रत्येक बाइटचा हिशेब ‘मॅपफाइल’मध्ये राहतो. त्यामुळे मध्येच वीज गेली, डिस्क तापली, थांबवावं लागलं, तरी दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू करता येतं. पडद्यावर आकडे पळत असतात: किती वाचलं, किती उरलं, वेग काय. त्या मित्राच्या डिस्कचा वेग आधी सेकंदाला नव्वद एमबीच्या आसपास होता, मग एका पट्ट्यात तो काही केबीवर आला, तिथून प्रोग्रॅमने उडी मारली आणि वेग परत चढला. निरोगी १ टीबी डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने पावणेतीन तासांत उतरते. आजारी डिस्कला दिवस लागतात, आणि ते लागू द्यावेत. डिस्कवर हवा खेळती राहील असा छोटा पंखा सोडायचा. वाचनाच्या दरम्यान टकटक सुरू झाली तर थांबायचं.

दोन खबरदाऱ्या. नक्कल ज्या डिस्कवर घ्यायची ती आकाराने मूळ डिस्कएवढी किंवा मोठी हवी. आणि आदेश देण्याआधी कोणती डिस्क मूळ, कोणती नकलेची, हे मॉडेल आणि सीरियल नंबर वाचून दोनदा ताडून बघायचं. इथे अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते आणि त्यावर उपाय नाही.

नक्कल हाती आली की मूळ डिस्क बाजूला ठेवायची. पुढचं काम आता निर्धोक आहे, नकलेचीही नक्कल करून ठेवता येते. फायली परत कशा मिळतात हे समजून घ्यायला ग्रंथालय डोळ्यांसमोर आणावं. पुस्तकं कपाटात असतात आणि कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात हे नोंदवहीत असतं. आपण फाइल ‘डिलीट’ करतो तेव्हा नोंदवहीत एवढीच खूण होते की ही जागा मोकळी समजावी. पुस्तक कपाटातच असतं, त्या जागी दुसरं ठेवलं जाईपर्यंत. ‘क्विक फॉरमॅट’ म्हणजे नवी नोंदवही. कपाटांना हात लागत नाही. पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून सगळी डिस्क शून्यांनी भरून काढतो, तिथे परत आणण्यासारखं काही उरत नाही. काही नव्या डिस्क, आणि फिरत्या तबकड्या नसलेल्या जवळजवळ सगळ्या एसएसडी, ‘ट्रिम’ नावाची सूचना मानतात. डिलीट झालेल्या जागा त्या स्वतःहून मोकळ्या करून टाकतात. एसएसडीवरून चुकून काही उडालं तर तिची वीज तत्काळ तोडण्याखेरीज फारसं काही हातात राहत नाही.

क्रिस्टोफ ग्रनिए यांचे ‘टेस्टडिस्क’ आणि ‘फोटोरेक’ हे दोन मोफत प्रोग्रॅम एकत्रच मिळतात, पण त्यांचं काम वेगळं आहे. टेस्टडिस्क हरवलेला विभाग शोधते, बिघडलेली नोंद तिच्या राखीव प्रतीवरून उभी करते. ती यशस्वी झाली तर फोल्डर, नावं, तारखा सगळं जसंच्या तसं दिसतं. फोटोरेक नोंदवहीकडे बघतच नाही. ते थेट डेटा वाचत जातं आणि फायलींच्या ठरलेल्या खुणा ओळखतं. प्रत्येक जेपीईजी फोटो ‘एफएफ डी८’ या दोन बाइटने सुरू होतो आणि ‘एफएफ डी९’ने संपतो. या पद्धतीने फोटो मिळतात, पण नावं आणि फोल्डर जातात, हाती राहतो आकड्यांच्या नावांचा ढीग. कॅमेऱ्याने प्रत्येक फोटोत घातलेली तारीख-वेळ शाबूत असते, तिच्यावरून तो ढीग पुन्हा लावता येतो. मोठे व्हिडिओ मात्र डिस्कवर तुकड्यातुकड्यांत पसरलेले असतील तर फोटोरेकला ते सांधता येत नाहीत. त्या कोल्हापूरच्या डिस्कवरचे बहुतेक सगळे फोटो आले, व्हिडिओतले बरेच अर्धवट निघाले.

मराठी छपाईच्या जगात आणखी एक अडचण भेटते. जुन्या दिवाळी अंकांच्या पेजमेकर फायली मिळतात, पण त्यांतला मजकूर युनिकोडच्या आधीच्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतो. तोच फॉन्ट संगणकावर नसेल तर उघडल्यावर अगम्य रोमन अक्षरं दिसतात आणि माणूस समजतो फाइल करप्ट झाली. ती करप्ट नसते. फॉन्टच्या फायलीही त्याच डिस्कवर शोधाव्यात, त्याशिवाय तो अंक वाचता येणार नाही.

डबी फोडून आतली डिस्क थेट संगणकाला जोडावी हा सल्ला जुन्या डिस्कना चालतो. वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय पासपोर्ट’सारख्या अनेक डिस्कमध्ये यूएसबी सॉकेट आतल्या बोर्डवरच झाळलेलं असतं, आणि पासवर्ड ठेवलेला नसला तरी बोर्डवरची चिप सगळा डेटा सांकेतिक करूनच लिहिते. ती चिप ओलांडून वाचलं तर निव्वळ गोंधळ दिसतो. विंडोजचं बिटलॉकर हे कुलूप लावलेलं असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी शोधावी, ती नसेल तर उत्तम प्रयोगशाळाही काही करू शकत नाही.

हेड गेलेलं असेल, तबकड्या अडकल्या असतील, तर डिस्क धूळमुक्त जागेत उघडून त्याच मॉडेलच्या डोनर डिस्कवरून हेड बसवावी लागतात. मग ‘पीसी-३०००’सारख्या यंत्रावर चांगल्या हेडपासून सुरुवात करून डिस्कची नक्कल उतरवून घेतली जाते. याचा खर्च डिस्कच्या किमतीच्या कैक पट होतो, हे आधीच मनाशी धरावं. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर डिस्क घेऊन गेलात तर विचारा: आधी क्लोन, म्हणजे पूर्ण नक्कल, करणार का? उघडावी लागली तर कुठे उघडणार? डेटा नाही मिळाला तर किती घेणार? पैसे देण्याआधी फायलींची यादी दाखवणार का? ज्याला या प्रश्नांचा राग येतो, त्याच्याकडे डिस्क ठेवू नका. साध्या टेबलावर एकदा उघडून झालेली डिस्क पुढे चांगल्या प्रयोगशाळेत गेली तरी तिथे आधी धुळीशीच झगडावं लागतं. वॉरंटीचा भरवसा डेटासाठी धरू नये. वॉरंटीत नवी डिस्क मिळते, जुनी परत द्यावी लागते.

चांगल्या हातात किती काही वाचू शकतं याचं मला सर्वांत थक्क करणारं उदाहरण कोलंबिया यानाचं वाटतं. १ फेब्रुवारी २००३ रोजी ते यान पृथ्वीवर परतताना टेक्सासच्या आकाशात फुटलं, कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. यानावर झेनॉन वायूच्या गुणधर्मांचा एक प्रयोग होता आणि त्याची बरीच मोजमापं एका सीगेट हार्ड डिस्कवर होती. ती डिस्क काही महिन्यांनी कोरड्या पडलेल्या तळ्यात सापडली. प्लास्टिक वितळलेलं, सील जळून गेलेलं, आत माती. क्रोल ऑनट्रॅक या कंपनीच्या मिनेसोटातल्या तंत्रज्ञांनी तबकड्या रसायनाने धुतल्या, नव्या डिस्कमध्ये बसवल्या आणि जवळजवळ ९९ टक्के डेटा वाचला. तबकड्यांवर चरे होते, पण डिस्क निम्मीच भरली होती आणि डॉस या जुन्या प्रणालीने डेटा सलग लिहिलेला असल्यामुळे चरे बहुतांशी कोऱ्या भागात पडले होते. प्रयोगाचा निबंध २००८ साली प्रसिद्ध झाला.

पाण्यात बुडालेल्या डिस्कलाही हाच न्याय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा कितीतरी घरांतले, स्टुडिओंतले संगणक गाळात गेले. डिस्कच्या झाकणावर हवेचा दाब सारखा ठेवायला एक बारीक छिद्र असतं, पाणी तिथून आत जातं. भिजलेली डिस्क वाळवू नये, उन्हात ठेवू नये, तांदळात तर मुळीच नाही. गाळ तबकडीवर वाळला की तो काढणं फार अवघड होतं. ओल टिकेल अशी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, एकदाही न जोडता, लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोचवायची. आणि पुराच्या गावात राहणाऱ्यांनी एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला हिशेब सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर.

डेटा मिळाल्यावर तो लगेच उघडून बघावा. फोटो नुसते छोट्या नमुन्यात नव्हे तर पूर्ण आकारात, कारण नमुना शाबूत आणि खालचा अर्धा फोटो करडा असं पुष्कळदा होतं. त्यानंतर प्रश्न उरतो जुन्या डिस्कचा. २००३ साली एमआयटीतल्या सिमसन गार्फिंकेल आणि अभी शेलत यांनी बाजारातून घेतलेल्या १५८ जुन्या डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या १२९ चालत होत्या आणि फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या. बाकीच्यांत वैद्यकीय पत्रव्यवहारापासून हजारो क्रेडिट कार्ड क्रमांकांपर्यंत सगळं सापडलं. तुमच्या डिस्कवर आधार, पॅन, बँकेची पासबुकं स्कॅन करून ठेवलेली असतील. चालणारी डिस्क भंगारात देण्याआधी तिचा क्विक नव्हे, पूर्ण फॉरमॅट करावा. न चालणारी असेल तर झाकण काढून तबकड्या निकामी कराव्यात. अडीच इंची डिस्कच्या तबकड्या बहुधा काचेच्या असतात आणि हातोडीखाली त्यांचा बारीक चुरा उडतो. जाड कापडात गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा घालून हे काम करावं.